सांडॉय: ओढून नेलेला शेजारी सुटला, आपणहून गेलेली बेटं अडकली

उत्तरवारा (धागाकर्ता)

मागच्या रविवारी गाडी काढून हारॉया बेटावर जाऊन आलो. मी ओलेसुंदला राहतो, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर. जहाजांच्या आराखड्यांवर पोट भरतो. शहर सोडलं, थोड्या वेळात शेजारच्या हारमची हद्द लागली. मग पुलावरून लेप्सॉया, समुद्राखालच्या बोगद्यातून हारमसॉया, छोट्या पुलावरून फ्लेमसॉया, पुन्हा बोगदा, फ्यॉर्टोफ्टा, आणि तिसरा बोगदा. आत उतरताना कान बंद होतात आणि काचेवर वाफ धरते. वर आलो तर वारा असा, की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागलं. आणि मी पुन्हा ओलेसुंदमध्ये! म्हणजे आपल्याच गावातून निघून, शेजाऱ्याचं अख्खं घर ओलांडून, परत आपल्याच गावात.

हा घोळ कसा झाला ते सांगतो, मग भांडू. नॉर्वेत स्थानिक कारभाराच्या घटकाला कोमूने म्हणतात. नगरपालिका म्हणावं तर हजार-बाराशे लोकांची नगरपालिका ऐकून तुम्ही हसाल. ग्रामपंचायत म्हणावं तर कामं कितीतरी जास्त: दहावीपर्यंतच्या शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल, गावचा डॉक्टर, पाणी, अग्निशमन, सगळं. म्हणून कोमूनेच म्हणतो.

सांडॉय ही अशीच एक बेटांची कोमूने. हारॉया, फिनॉया, सांडॉया, ओर्ता, ओना, हुसॉया आणि असंख्य खडक. 'ऑय' म्हणजे बेट, 'ऑया' म्हणजे 'ते बेट', हे कळलं की नकाशा निम्मा वाचता येतो. सगळी जमीन मिळून वीसेक चौरस किलोमीटर, वस्ती बाराशेच्या आसपास, कचेरी हारॉयावर स्टाइन्सहाम्नला. 1867 मध्ये ती आउक्रा कोमूनेतून वेगळी झाली आणि 1 जानेवारी 2020 ला ओलेसुंदमध्ये विरघळली. 153 वर्षं.

ओलेसुंद, स्कोद्ये, ऑर्स्कूग आणि सांडॉय या चार कोमूने एकत्र यायला राजी होत्या. मध्ये हारम होती, ती नको म्हणाली. पण तिच्याशिवाय सांडॉय शहराला जोडणार कशी? 2017 मध्ये संसदेनं हारमला जबरदस्तीनं आत घेतलं. हारम चार वर्षं भांडली आणि 1 जानेवारी 2024 ला पुन्हा स्वतंत्र झाली. सांडॉय मात्र ओलेसुंदमध्येच राहिली, आता मध्ये हारम घेऊन.

माझं मत: सांडॉय विसर्जित करणं ही चूक होती. पुणे-मुंबईची उदाहरणं आणू नका, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धागा मेट्रोवर जाईल.

---

टवाळ_टिपू

'हारम' कोमूनेत जबरदस्ती. नावातच होतं की हो सगळं. (क्षमस्व, कुणीतरी म्हणणारच होतं.)

---

उत्तरवारा

इथे आल्या आल्या आईला फोनवर सांगितलं, "ऑफिसचं एक काम हारममध्ये आहे." पलीकडे बराच वेळ शांतता.

---

खडूस_लेखापाल

विनोद झाले असतील तर हिशोबाकडे वळू. बाराशे डोकी. तुम्हीच कामांची यादी दिलीत. त्यात बालसंरक्षण घाला. बाराशेच्या गावात ते काम करायला एक माणूस, फार तर दीड. तो आजारी पडला तर? आणि ज्या घरात मुलाला मारहाण होते, ते घर त्या अधिकाऱ्याच्या मामेभावाचं निघालं तर? छोट्या जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात हे कवितेत छान वाटतं. कारभारात ती अडचण असते.

153 वर्षांचं कौतुकही जरा बेतानं करा. 1867 साली कोमूनेची कामं काय होती? गरिबांना मदत, शाळामास्तर, रस्ते. आज त्याच चौकटीत आधुनिक राज्याची सगळी ओझी टाकलीत. पिशवी जुनी, सामान दहापट. फाटणारच.

आणि ते स्वतः राजी होते, हे तुम्हीच लिहिलंय. मग चूक कुणाची?

---

ओस्लोची_मावशी

मी पाळणाघरात काम करते, कोमूनेच्याच. लेखापाल भाऊ, बालसंरक्षणाचा मुद्दा अगदी खरा. पण त्यासाठी कोमूने बुडवावी लागत नाही. दोन-चार छोट्या कोमूने मिळून एक सामाईक कार्यालय चालवतात, देशभर चालतं असं. अग्निशमनही तसंच. शेजारणीकडून मोठं पातेलं मागून आणतो, म्हणून काय तिच्या घरी राहायला जातो?

---

खडूस_लेखापाल

मावशी, पातेलं रोजच मागायला लागलं की शेजारीण विचारते, "तुमच्या स्वयंपाकघरात आहे तरी काय?" सामाईक कार्यालयांची मंडळं लोक थेट निवडून देत नाहीत. म्हणजे कोमूने नावाला स्वतंत्र, आणि निर्णय तिसरीकडे. तुम्हाला पाटी वाचवायची आहे की कारभार?

---

नकाशावेडा

दोघेही पैशांवर बोलताय, जरा समुद्राकडे बघा.

ओना आणि हुसॉया ही बेटं अगदी बाहेरच्या कडेला आहेत. पुढे थेट अटलांटिक. तिथे माणसं राहिलीच का? कारण होडी वल्ह्यांची होती. वल्ही मारत जायचं तर माशांच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं. झाड नाही, शेतीला माती नाही, पण कॉड दारात. ओनाच्या टेकडीवर लाल रंगाचं बिडाचं दीपगृह आहे, तेही 1867 चंच. ज्या वर्षी कोमूने झाली त्याच वर्षी दिवा लागला.

मग होड्यांना इंजिनं आली. आता जवळ राहण्यापेक्षा खोल, आडोशाचं बंदर महत्त्वाचं झालं. माणसं आतल्या मोठ्या बेटांकडे सरकली. फिनॉयावर तर जहाजांचे गिअर आणि प्रॉपेलर बनवणारा कारखाना उभा राहिला. ओनावर आता बारमाही राहणारी माणसं हाताच्या बोटांवर नाही, पण दोन-तीन घरच्या पंगतीत बसतील एवढी.

म्हणून उत्तरवारांशी मी सहमत नाही. ही कोमूने होडीनं आखली होती. सगळ्या बेटांना जोडणारा रस्ता म्हणजे पाणी, आणि बाहेरच्यांना अडवणारी भिंतही पाणीच. 2022 च्या जुलैत नूरऑयवेगेन हा बेटांचा रस्ता सुरू झाला: एक मोठा पूल, समुद्राखाली तीन बोगदे. पाणी भिंत राहिलं नाही. मग जुन्या हद्दीला धरून काय बसायचं?

---

उत्तरवारा

नकाशावेडा, मांडणी झकास. पण ओनाला जायला आजही फेरीबोटच लागते, बोगदा हारॉयाला संपतो. आणि ती फेरी आउक्रातल्या स्मोगेहून सुटते. ओलेसुंदहून नाही!

इथेच माझं म्हणणं आहे. या बेटांचा जुना ओढा रुम्सदाल या भागाकडे, तिथल्या मोल्दे शहराकडे. ओलेसुंद सुनम्योरे या दुसऱ्या भागात. बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतील, पण बोली वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, 'शहरात जाऊन येतो' म्हणताना डोळ्यांसमोरचं शहर वेगळं. रस्त्यानं एक दिशा उघडली, म्हणून दुसरी बुजली असं होत नाही.

---

खडूस_लेखापाल

मग आउक्रात परत जायचं होतं. ज्या घरातून 1867 ला वेगळे निघाले तिथेच.

---

नकाशावेडा

लेखापालांनी नकळत दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आउक्रा आजही स्वतंत्र आहे. तिची वस्तीही काही हजारांतच. मग ती का नाही विरघळली? कारण न्यूहाम्ना. ऊर्मेन लांगे नावाच्या वायुक्षेत्रातला गॅस 2007 पासून समुद्राच्या तळावरच्या नळांनी आउक्रातल्या या प्रकल्पात येतो. किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटर आतून. त्या प्रकल्पाचा मालमत्ता कर आउक्राच्या तिजोरीत. घरात दुभती म्हैस असेल तर एकत्र कुटुंबाची कुणाला हौस असते?

म्हणजे 'छोटी कोमूने चालत नाही' हे खरं नाही. गॅस नसलेली छोटी कोमूने चालत नाही.

---

उत्तरवारा

हे वाक्य चोरणार मी. 🙂

---

खडूस_लेखापाल

चोरा. पण मग सांडॉयनं शहाणपणाच केला ना? गॅस नाही, तर वेळेवर मोठ्या घरात जा. विलीन झालेल्यांना जुनं अनुदान 15 वर्षं तसंच ठेवायचं आणि पुढच्या 5 वर्षांत हळूहळू कमी करायचं, असा सरकारचा वायदा होता. थांबून राहिलात आणि अनुदानाचे निकष बदलले, तर हाती काय?

---

ओस्लोची_मावशी

भाऊ, ते अनुदान मिळतं नव्या मोठ्या कोमूनेला. ते हारॉयावरच खर्च होईल असं कुठे लिहिलंय? आधी बाराशे लोकांचं स्वतःचं सभागृह होतं. विलीन झाल्यावर, 2020 च्या ओलेसुंदमध्ये, 66 हजारांत बाराशे. मतपेटीत किती वजन पडणार ते तुम्हीच काढा, लेखापाल तुम्ही.

---

रूखवत

मला या विषयातलं फार कळत नाही, पण एक विचारते. हारमला बाहेर पडायची एवढी घाई का होती? बाहेर पडून नक्की काय मिळालं?

---

उत्तरवारा

ताई, चांगला प्रश्न. हारम नऊएक हजारांची, मुख्य गाव ब्रात्वोग. जहाजबांधणीचा, यंत्रसामग्रीचा तालुका म्हणा. गरीब नव्हे. कामानिमित्त मी तिथल्या कारखान्यांत जातो. जेवणाच्या सुट्टीत विषय काढला की ब्रेडवर ब्राउन चीज ठेवता ठेवता माणसं एकच गोष्ट सांगतात: आम्हाला विचारलं, आम्ही नाही म्हटलं, तरी नेलं.

त्यातच पवनचक्क्यांचं प्रकरण. हारमसॉयाच्या डोंगरावर 8 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, दीडशे मीटरच्या आसपास उंच. लोक रस्त्यावर बसले. त्या भागात समुद्री गरुड आहेत. बोगद्यातून वर आलं की आधी चक्क्या दिसतात, मग बेट.

---

खडूस_लेखापाल

पण त्या चक्क्यांचा परवाना विलीनीकरणाच्या दहा-अकरा वर्षं आधीचा, आणि तो देतं केंद्र. ओलेसुंदचा त्यात काय दोष?

---

उत्तरवारा

बरोबर, परवाना ओस्लोचाच. ओलेसुंदवर मी तो दोष ठेवत नाही. पण दारात पोलीस आले तेव्हा आपली म्हणावी अशी कोमूने नव्हती, ही भावना उरलीच.

---

नकाशावेडा

भावनेचं मान्य. तरी एक आठवण. हद्दी पवित्र कधीच नव्हत्या. 1837 च्या कायद्यानं चर्चच्या परगण्यांवरून कोमूने आखल्या. पुढे त्या फुटत गेल्या, सांडॉय हे फुटण्याचंच उदाहरण. 1950 च्या दशकाच्या शेवटी देशात 744 कोमूने होत्या, मोठ्या छाटणीनंतर 1960 च्या दशकात 454 उरल्या. 2020 ला 356. हारम सुटल्यावर 357. हा सगळा आकड्यांचा भरती-ओहोटीचा खेळ आहे. 153 वर्षांच्या आधी हजारभर वर्षं तिथे मासे पकडले जात होतेच, कोमूनेशिवाय.

---

उत्तरवारा

भरती-ओहोटी आपोआप येते हो. हे कुणीतरी कागदावर बसून केलं.

असो. माझ्या मूळ विधानात थोडी दुरुस्ती करतो. विसर्जन चूक होतं असं म्हणालो. लेखापालांचा बालसंरक्षणाचा मुद्दा मला खोडता आलेला नाही, तो मामेभावाचा दाखला तर अजिबात नाही. पण मग हारम बाहेर पडली, त्याच वेळी सांडॉयलाही गंभीरपणे विचारायला हवं होतं: शहराबरोबर राहता, हारमबरोबर येता, की रुम्सदालकडे परत जाता? ज्या नकाशाला ती 'हो' म्हणाली होती, तो नकाशाच राहिला नव्हता.

---

खडूस_लेखापाल

हे मात्र मान्य. करारातली मधली बाजू उठून गेली तर करार पुन्हा वाचायचा असतो. पण विचारलं असतं तर त्यांनी शहरच निवडलं असतं, असं माझं मत. पैज?

---

उत्तरवारा

पैज कशाची लावायची, निकाल कधी लागणारच नाही.

---

रूखवत

ओनाला पर्यटक म्हणून जाता येतं का? गाडी नेता येते?

---

उत्तरवारा

जाता येतं. गाडी अलीकडेच ठेवा, बेट चालून होतं. दीपगृहाच्या टेकडीच्या पायथ्याशी घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की एकाच्या खिडकीतला रेडिओ दुसऱ्याच्या ओट्यावर ऐकू येतो. मी गेलो तेव्हा बंदरात एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना विचारलं, "आता तुम्ही ओलेसुंदचे का?" त्यांनी हातातली सुई थांबवली, दीपगृहाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "परतीची फेरी चुकवू नकोस."