मदत हवी आहे: सॅन मटेओचं क्युरिऑडिसी, आईचे गुडघे आणि प्राण्यांची वेळ

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मंडळींना विचारायचंय. साताऱ्याहून आई-बाबा आलेत. त्यांना आणि चार वर्षांच्या लेकीला कोयोटी पॉइंटच्या काउंटी पार्कमधलं क्युरिऑडिसी, म्हणजे विज्ञान संग्रहालय आणि छोटं प्राणिसंग्रहालय, दाखवायचंय. वाघ-सिंहांपेक्षा इथलेच प्राणी बघावेत असं मला मनापासून वाटतं: पाणमांजर, बॉबकॅट (इथलं रानमांजर), रॅकून. शिवाय यातले बरेचसे जखमी किंवा पोरके सापडलेले, जंगलात परत सोडता न येणारे. बाबांना हे नक्की भावेल.

वेबसाइट वाचली आहे. पार्कमध्ये गाडी नेण्याचे पैसे वेगळे आणि आतलं तिकीट वेगळं, हे माहीत आहे. गाडी आमचीच आहे, त्यामुळे ट्रेन-बस नको. शनिवार-रविवारीच जमेल. आई काठी घेऊन सावकाश चालते. व्हीलचेअरला तयार नाही. थोड्या थोड्या अंतरावर टेकायला मिळालं तर तिचं निभतं.

अडलंय ते इथे. बॉबकॅट, रॅकून दिवसा बरेचदा झोपलेले असतात. दार उघडताच गेलो तर जागे दिसतील की दुपारनंतर? आणि पार्किंगपासून पिंजऱ्यांपर्यंत चढ किती आहे, वाटेत बाकं आहेत का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्या कुणी सांगाल का?