यहूदाच्या पत्रातलं १६वं वचन (घरच्या ग्रुपवरून)

आत्या: काल पाळकसाहेबांनी बायबलमधल्या यहूदाच्या पत्रातलं १६वं वचन घेतलं, कुरकुर करणाऱ्यांबद्दलचं. त्यातला दुसरा ग्रीक शब्द मला नीट ऐकू आला नाही. दादा, सांग ना.

दादा: मेम्प्सिमोइरोस. पहिला गोंगिस्तेस, म्हणजे तोंडातल्या तोंडात कुरकुरणारा. दुसरा म्हणजे आपल्या वाट्याला जे आलं त्याला सदान्‌कदा नावं ठेवणारा. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो.

काकू: नशिबाला बोल लावणारा!

दादा: हो काकू. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने ख्रिस्ताच्या तीनेकशे वर्षं आधीच असा माणूस रंगवलाय. पाऊस पडला की तो झ्यूस देवावर चिडतो, आधी का नाही पाडलास म्हणून. वाटेत पैशांची थैली सापडली तर म्हणतो, ‘पण पुरलेलं धन काही कधी सापडलं नाही.’

वहिनी: मग बाईमाणसाने बोलायचंच नाही का? लग्न झाल्यापासून बघतेय, जरा काही खुपलं म्हटलं की फिलिप्पैकरांस २:१४ पुढे करतात, ‘जे काही कराल ते कुरकुर न करता करा’ म्हणून. फार लागतं ते.

काका: सूनबाई, तुझं खरं आहे. प्रेषितांची कृत्ये ६ काढ. तिथेही २:१४ मधलाच शब्द आहे, गोंगिस्मोस, म्हणजे कुरकुर. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, म्हणून कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला लावले. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर... सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी दिली. मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो.

आत्या: पण मिसरातून सुटल्यावर रानात कुरकुरले म्हणून इस्राएल लोकांवर देव कोपला ना?

काका: सरसकट नाही. मारा इथे पाणी कडू होतं, लोक तहानेने कुरकुरले, देवाने पाणी गोड करून दिलं. गणना ११ मध्ये मात्र देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोज मिळत असताना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडले. तिथली वेठबिगारी विसरले. कोप झाला तो तिथे.

वहिनी: हे व्यासपीठावरून सांगायला हवं. नुसतं २:१४ नको.

आत्या: पाळकसाहेबांना आजच फोन करते. पुढच्या महिला सभेत कृत्ये ६ घ्या म्हणते.

काकू: मीही येते त्या सभेला.