मशीनसमोर कॅमेरे वाढले, रिजेक्शन का घटत नाही? (बडोदा, मकरपुरा जीआयडीसी)

रावपुरेकर

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) मशीन शॉप्समध्ये माझी बरीच वर्षं क्वालिटीच्या कामात गेली. हल्ली कुठेही जा, गेटवर थंब (अंगठ्याची हजेरी), प्रत्येक मशीनसमोर कॅमेरा आणि शेठच्या मोबाइलवर सगळं लाइव्ह. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, मात्र होतं तेवढंच. नजर वाढवून काम सुधारत नाही, निर्णय खाली सोपवला की सुधारतं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत त्यांनी यावर जरूर लिहावं.

एक जॉब (मशीनवर बनणारा भाग) बिघडला तर एकाच जॉबचं नुकसान होतं. तो लपवला गेला की अख्खा लॉट जातो. इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजू लागला, बोअरचं (भोकाचं) माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, कडेला सरकू लागलं, हे ऑपरेटरला क्यूसीच्या (माल तपासणाऱ्यांच्या) आधी कळतं. पण मशीन थांबवल्यावर 'प्रॉडक्शन कमी का?' म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसणार असतील तर तो कशाला थांबवेल? टोयोटाने यासाठीच लाइनवर दोरी लावली. अडचण दिसली की कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो आणि प्रश्न वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते.

जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना गैरहजेरीसाठी बदनाम होता. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही जुनीच, तरी गैरहजेरी घसरली आणि गाड्यांचा दर्जा वर गेला.

आणखी एक. दक्षिण चीनमधल्या एका मोबाइल कारखान्यात एथन बर्नस्टीन या संशोधकाने काही लाइन्सभोवती पडदे लावून पाहिले. उत्पादन 10 ते 15 टक्के वाढलं. कामगारांना चांगल्या युक्त्या माहीत होत्या, पण साहेबाच्या नजरेसमोर त्या वापरायची त्यांना भीती वाटे. हा अभ्यास 2012 मध्ये छापून आला आहे.

लघुउद्योजक

रावपुरेकर, पगाराची तारीख आणि बँकेचा हप्ता एकाच आठवड्यात येतो तेव्हा मालकाला काय वाटतं, तेही विचारात घ्या.

फ्रीमाँटचे कामगार मधल्या काळात बेकार होते. पोटाला चिमटा बसलेला माणूस परत आला की नीट काम करणारच, त्याचं सगळं श्रेय विश्वासाला कसं देता? शिवाय टोयोटात प्रत्येक हालचाल ठरलेली, लिहिलेली आणि मोजलेली असते. दोरी त्यानंतर येते.

देखरेखीने काही होत नाही हेही खरं नाही. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत सेवा मंदिर संस्थेच्या शाळांमध्ये शिक्षकांची हजेरी कॅमेऱ्याने घेतली आणि पगार तिच्याशी जोडला. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली आणि मुलांचा अभ्यासही सुधारला. मोजमाप नसेल तर माझ्या लेखी तो निष्काळजीपणा आहे, आणि त्याची झळ प्रामाणिक कामगारालाच बसते, कारण शेजारच्याचं काम त्याच्या अंगावर पडतं.

आणि विश्वास कुणावर ठेवू? नव्या मुलाला व्हीएमसी (धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन) शिकवावी, हात बसला की तो जरा जास्त पगारावर सावली नाहीतर हालोलच्या कारखान्यांत निघून जातो.

मांजलपूरची

दादा, उदयपूरचं उदाहरण तुमच्या कॅमेऱ्यांना लागू होत नाही. तिथे कॅमेरा शाळेतच असायचा. एक विद्यार्थी दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी शिक्षकाचा वर्गासोबत फोटो काढायचा, आणि किती दिवसांना किती पैसे हे आधीच ठरलेलं होतं. तो फोटो शिक्षकाच्या हक्काचाही पुरावा होता. मोबाइलवर दिवसभर माणसं न्याहाळणं आणि हे एकच कसं?

तुमच्या मुद्द्यातला अर्धा भाग मला पटतो. तारापूर आणि उमरगावच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मशीनच्या देखभालीची नोंद, दोषांची रोजची नोंद, सुताच्या साठ्याची नीट मांडणी, एवढ्या साध्या गोष्टींनी पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्के वाढली. पण हे कारखाने आधीच मोठे का झाले नव्हते? मालक घराबाहेरच्या कुणावर निर्णय सोपवायला तयार नव्हते. घरात कर्ते पुरुष किती, यावरच कारखान्याचा आकार ठरत होता. आपल्या जीआयडीसीत चक्कर मारा, हेच दिसेल.

अहमदाबादही लांब नाही. 1953 मध्ये कॅलिको मिल्समध्ये ए. के. राइस या संशोधकाच्या सल्ल्याने ऑटोमॅटिक लूम्सवर विणकरांच्या लहान टोळ्या केल्या आणि कामाची वाटणी त्यांच्यावरच सोडली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं.

लघुउद्योजक

त्याच मिलचा 1970 चा पाठपुरावाही वाचा, ताई. ऑटोमॅटिक शेडमधली टोळी पद्धत तोवर बरीच ढासळली होती. बाजाराचा दाब वाढला की आधी अशाच गोष्टी सुटतात.

मांजलपूरची

हो, पण साध्या लूम्सच्या शेडमध्ये ती टिकली होती, तेही त्याच पाठपुराव्यात आहे. जिथे सोय करून दिली नाही तिथे ढासळली.

व्हीएमसी ऑपरेटर

मोठी नावं मला माहीत नाहीत. माझ्यापुरतं सांगतो. पगार 7 तारखेच्या आत, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने, आणि गेज (माप तपासायचं साधन) कॅलिब्रेट केलेला, म्हणजे अचूक असल्याची खात्री केलेला. एवढं मिळालं तर कॅमेरा असला काय, नसला काय. आधीच्या कंपनीत झिजलेल्या प्लग गेजने (भोकाचं माप तपासणाऱ्या) जॉब पास व्हायचे, लॉट परत आला की पैसे आमच्या पगारातून कापायचे. तक्रार करणाऱ्याला रात्रपाळी. तिथे मशीन कोण थांबवणार? मुलं सावलीला पैशासाठी जातात हे खरं, पण याच्यासाठीही जातात.

रावपुरेकर

लघुउद्योजक, मोजमाप सोडा असं मी म्हणत नाही. मोजा, पण तो आकडा आधी ऑपरेटरला दिसू दे. एक मशीन निवडा. फर्स्ट पीस (लॉटमधला पहिला जॉब) पास करायचा आणि मशीन थांबवायचा अधिकार ऑपरेटरला द्या. बिघडलेला म्हणून लाल पेटीत टाकलेल्या जॉबबद्दल कपात नाही, फक्त कारण लिहायचं. तीन महिने त्याचं आणि शेजारच्या मशीनचं रिजेक्शन शेजारी-शेजारी लिहा.

लघुउद्योजक

एका मशीनवर करतो, दिवसपाळीत. कपात नाही, हे मान्य. कॅमेरे काढणार नाही, गेल्या वर्षी कार्बाइड इन्सर्ट चोरीला गेले होते. फर्स्ट पीसची सही मात्र सुपरवायझरचीच राहील, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तीच मागतात.

व्हीएमसी ऑपरेटर

कपात नाही हे नोटीस बोर्डावर लावा, शेठ. तोंडी सांगितलं तर पेटीत कोणी काही टाकणार नाही.