कनेक्शन पूल काही तासांत रिकामा होतो. गळती कशी शोधावी?

प्रश्न:
आमचे जावा वेब ॲप्लिकेशन टॉमकॅटवर चालते. डेटाबेस पोस्टग्रेस आणि पूल (आधीच उघडून ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनांचा साठा) हिकारीसीपीचा आहे. सर्व्हर सुरू केल्यावर सारे सुरळीत असते, पण तीन-चार तासांनी प्रत्येक रिक्वेस्ट अर्धा मिनिट लटकते आणि मग कनेक्शन उपलब्ध नसल्याचे एक्सेप्शन लॉगमध्ये येते. पूलची कमाल संख्या १० वरून ५० केली, तर तेच दुखणे संध्याकाळी उद्भवू लागले. प्रत्येक मेथडच्या शेवटी क्लोज लिहिलेले आहे, हे मी स्वतः तपासले आहे. मग कनेक्शने जातात कुठे?

उत्तर १:
ही गळतीच दिसते, म्हणजे घेतलेली कनेक्शने पूलला परत मिळत नाहीत. नुसता भार असता तर गर्दी ओसरल्यावर पूल आपोआप मोकळा झाला असता. (अर्धा मिनिट म्हणजे कनेक्शनसाठी थांबण्याची हिकारीची ३० सेकंदांची मूळ मर्यादा.) ‘मेथडच्या शेवटी’ हेच मला खटकते, कारण मध्येच एक्सेप्शन आले किंवा वरच रिटर्न झाले, तर त्या ओळीपर्यंत कोड पोहोचतच नाही आणि कनेक्शन उसने नेलेलेच राहते. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेसची सोय आहे. कनेक्शन, प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि रिझल्टसेट ही तिन्ही ट्रायच्या कंसात उघडावीत, म्हणजे ब्लॉकमधून कोणत्याही वाटेने बाहेर पडलात तरी ती उलट क्रमाने बंद होतात. पूलच्या कनेक्शनवर क्लोज म्हणजे ते तोडणे नव्हे, परत करणे.

शोधण्यासाठी हिकारीचे लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (गळतीचा इशारा देण्याची कालमर्यादा) ६०,००० मिलिसेकंद ठेवा. मुळात ते शून्य, म्हणजे बंद असते. त्याहून अधिक काळ अडकलेले कनेक्शन कोठून घेतले होते, याचा स्टॅक ट्रेस (तिथवर पोहोचलेल्या मेथड कॉलची यादी) लॉगमध्ये मिळेल.

उत्तर २:
मात्र असा इशारा आला म्हणजे गळतीच असेल असे नाही. आमच्याकडे एका सर्व्हिस मेथडमध्ये ट्रॅन्झॅक्शन (डेटाबेसचा एकसंध व्यवहार) चालू असतानाच बाहेरच्या सेवेला एचटीटीपी कॉल जात असे, आणि ती सेवा मंदावली की थ्रेड कनेक्शन धरून ताटकळत बसत. तो कॉल ट्रॅन्झॅक्शनबाहेर काढल्यावर १० कनेक्शने पुरली. ५० चा आकडाही खाली आणा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा एकूण १०० कनेक्शनांची असून त्यांतील ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात. ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालवल्यात, तर दुसरीला तिचा पूल पूर्ण भरताच येणार नाही.

प्रश्नकर्ता:
सापडले. अहवाल निर्यात करणाऱ्या मेथडमध्ये यादी रिकामी असली की वरच रिटर्न होत होते आणि क्लोज त्याच्या अकरा ओळी खाली होते. मी तपासताना फक्त क्लोज आहे की नाही एवढेच पाहिले होते. कोड बदलल्यापासून दोन दिवसांत एकाच वेळी वापरात असलेली कनेक्शने ४ च्या वर गेलेली नाहीत, त्यामुळे पूल पुन्हा १० वर आणला आहे. थ्रेशोल्ड प्रॉडक्शनवर कायम ठेवावे काय?

उत्तर १:
ठेवा, पण तुमच्या सर्वांत लांब चालणाऱ्या क्वेरीपेक्षा जास्त ठेवा. नाही तर खोट्या इशाऱ्यांनी लॉग भरेल.