मदत हवी आहे: शिडाच्या बोटीचा मुंबईत पोहोचण्याचा दिवस कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. माझी पुतणी चौघांच्या चमूसोबत शिडाच्या बोटीतून मुंबईहून कोचीपर्यंत गेली आणि आता परतीला लागली आहे. बोट सध्या गोव्यात आहे. ती मुंबईच्या बंदरात शिरेल तेव्हा तिची आजी तिथं हजर असावी, एवढीच आमची इच्छा.

अडचण तारखेची आहे. गोवा ते मुंबई साधारण २२५ सागरी मैल. ताशी ५ सागरी मैलांनी सरळ आली तर दोन दिवसांत पोहोचेल. पण एप्रिलात दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे अगदी समोरून येतो, त्यामुळं नागमोडी यावं लागतं आणि अंतर बरंच वाढतं. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटला की त्याच्या आधारानं किनाऱ्याजवळून पुढं सरकायचं, असं ती सांगते. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे असे घरात येतील असं वाटलं नव्हतं!

या भागात शीड चालवलेल्या कुणी सांगावं: तीन दिवस धरावेत की पाच? कुठल्या ठिकाणाहून फोन आला की आम्ही परभणीहून रात्रीची गाडी धरावी, जयगड की मुरूड? आमच्या प्रवासालाच अख्खी रात्र लागते.

दुसरं, गेटवेजवळ आईला सावलीत बसता येईल आणि बोट येताना दिसेल अशी जागा आहे का? गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. पण तिनं दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी आत्तापासूनच ठरवून ठेवली आहे.