पंचेचाळीस दिवसांत सहा देश ‘करावेत’ का?

(सोलापूरकरांची चर्चा. बोलणाऱ्यांनी नावाऐवजी आपापल्या वस्तीचे नाव लिहिले आहे.)

सात रस्ता

माझा भाचा आणि त्याचा मित्र नोव्हेंबरच्या अखेरीस पाठीला सॅक लावून आग्नेय आशियात निघणार आहेत. सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी असलेच पाहिजे, ही त्याच्या आईची अट असल्यामुळे त्यांच्या हाताशी पंचेचाळीस दिवस आहेत. त्यांची आखणी अशी : बँकॉक, चियांग माय, लुआंग प्रबांग, हनोई, होई आन, हो ची मिन्ह सिटी, नॉम पेन्ह, सिएम रीप, पुन्हा बँकॉक आणि मग दक्षिणेकडे पेनांग, क्वालालंपूर व सिंगापूर. देश सहा (थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया, सिंगापूर) आणि मुक्काम बारा. एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जाण्यात आणि येण्याजाण्याच्या विमानात मिळून तेरा दिवस जातात, असे धरले, तर उरलेल्या बत्तीस दिवसांत एका गावाच्या वाट्याला पावणेतीन दिवससुद्धा येत नाहीत.

माझे स्पष्ट मत आहे की एवढ्या दिवसांत दोनच देश पाहावेत, व्हिएतनाम आणि कंबोडिया. उतरावे हनोईला आणि निघावे सिएम रीपहून. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. सलग बसून राहिले तर दीड दिवसाच्या आत तो संपतो, पण टप्प्याटप्प्याने उतरत गेले तर महिनाही कमी पडेल. उरलेले पंधरा दिवस कंबोडियाला द्यावेत. सिएम रीपजवळच्या अंगकोर मंदिरसमूहाच्या तिकीटखिडकीवरचे दरच पुरेसे बोलके आहेत : एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२. तिसऱ्या दिवसानंतरचे चार दिवस अवघ्या दहा डॉलरमध्ये मिळतात, आणि ते सात दिवस महिनाभरात केव्हाही वापरता येतात. तेथील व्यवस्थाच पाहुण्याला ‘थांबा’ म्हणत असताना आपण दीड दिवसात अंगकोर उरकून पुढची बस का पकडायची?

सूर्यवर्मन दुसरा याने अंगकोर वाटचे विष्णुमंदिर उभारले ते बाराव्या शतकात, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्याच शतकात. अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्या गावातल्या मुलांना हे वेगळे सांगावे लागू नये, की अशी स्थळे पायी आणि सावकाश पाहायची असतात.

जुळे सोलापूर

आपला हिशेब बिनचूक आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. सोलापूरहून परदेशी जाणाऱ्याचा प्रवास सहसा विमानतळावर सुरू होत नाही. आधी बहुतेक जण रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठतात किंवा तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद, आणि त्यानंतर विमान. हा खर्च दोन देशांसाठी जेवढा येतो तेवढाच चार देशांसाठी येतो. शिवाय नोकरी लागल्यावर पंचेचाळीस दिवसांची सलग रजा कोण देणार आहे? ‘पुन्हा जाऊ’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या माणसाला जितके सहज बोलता येते तितके ते आपल्याला परवडत नाही.

दुसरे असे, की पहिल्या फेरीत आपल्याला काय आवडते हेच ठाऊक नसते. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी अडतीस दिवसांत थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया फिरून आलो. निघण्यापूर्वी माझे सर्व लक्ष थायलंडच्या समुद्राकडे होते आणि लाओस केवळ वाटेत येत होता म्हणून घेतला होता. प्रत्यक्षात आजही आठवते ती हुआय साय ते लुआंग प्रबांग ही मेकाँगवरची दोन दिवसांची संथ नाव. मध्ये पाकबेंगला रात्रीचा मुक्काम होता, दोन्ही काठांना डोंगर होते आणि नावेत गावोगावची माणसे तांदळाच्या पोत्यांसह चढत-उतरत होती. आपल्या सल्ल्याप्रमाणे केवळ दोन देश निवडले असते तर लाओस माझ्या यादीत आलाच नसता. सिंगापूर मात्र मीही गाळीन. तेथील एका दिवसाचा खर्च लाओसमधल्या चार-पाच दिवसांना पुरतो.

विजापूर वेस

मी सात रस्ता यांच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण अनुभव आहे. आमचा पाच देशांचा बेत तिसऱ्या देशातच कोसळला. सीमेवरच्या एका नाक्यावर ‘बसवाल्याचा माणूस’ म्हणून आलेल्या इसमाने सर्वांचे पासपोर्ट गोळा केले, व्हिसाच्या शुल्कावर स्वतःची भर घातली, आणि आम्ही हुज्जत घालत असताना बस निघून गेली. पुढची बस संध्याकाळी होती. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. आखणीत एकही मोकळा दिवस ठेवलेला नसल्यामुळे तापातच दोन रात्रींचे प्रवास केले, कारण पुढच्या खोल्यांचे पैसे आधीच भरलेले होते. ज्या शहरात मी आजारी होते त्याचे नाव मला आठवते, शहर आठवत नाही. देश कितीही घ्यावेत, परंतु आठवड्यातून एक दिवस कोरा ठेवावा, एवढे तरी या मुलांना सांगावे.

अशोक चौक

आतापर्यंतची सर्व चर्चा देशांच्या संख्येवर चालली आहे आणि पावसाबद्दल कोणी एक अक्षर काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पाहणाऱ्या आपल्या गावात ‘पावसाळा’ म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि तो संपला की संपला. उष्ण कटिबंधातला तो सगळा प्रदेश एकाच वेळी कोरडा होत नाही, हे आपल्या डोक्यात सहसा येत नाही.

थायलंडचा बहुतांश भाग, लाओस आणि कंबोडिया येथे नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस देतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा सुखाचा काळ असतो. परंतु त्याच महिन्यांत ईशान्येकडून येणारे वारे दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प उचलतात आणि व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावरच्या डोंगरांना धडकतात. त्यामुळे हुए, दा नांग आणि होई आन येथे सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, आणि होई आनच्या जुन्या पेठेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीचे पाणी शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. थायलंडच्या आखातातले कोह सामुई नोव्हेंबरात भिजत असते. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची बेटे तर त्या दिवसांत जवळजवळ बंदच होतात. सात रस्ता यांचा उत्तर-दक्षिण रेल्वेचा बेत कागदावर देखणा आहे, पण नोव्हेंबरअखेर हनोईला उतरलेली मुले डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बरोबर त्या पावसात सापडतील.

म्हणून माझे मत दोघांहून निराळे आहे. देश मोजू नयेत, मेकाँग नदी धरावी. बँकॉकहून रेल्वेने चियांग माय, तेथून चियांग खोंगला पूल ओलांडून हुआय साय आणि मग नावेने लुआंग प्रबांग. पुढे व्हिएन्तियानपर्यंत २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेली रेल्वे आहे. जो घाटरस्ता पूर्वी सबंध दिवस खात असे, तेथे आता सुमारे दोन तास लागतात. व्हिएन्तियानहून दक्षिणेला पाक्से, त्याजवळचे वाट फू हे प्राचीन शिवस्थान आणि मग चार हजार बेटांचा प्रदेश. येथील खोन फापेंगच्या प्रपातांमुळे फ्रेंचांच्या आगबोटी चीनपर्यंत जाऊ शकल्या नाहीत, आणि बोटींना वळसा देण्यासाठी त्यांना दोन बेटांवरून छोटी रेल्वे टाकावी लागली. तेथून कंबोडियात उतरावे, क्रातिए, सिएम रीप, नॉम पेन्ह करावे आणि शेवटी बावेतच्या नाक्यावरून हो ची मिन्ह सिटी. तेथून मुंबईला थेट विमान आहे. देश चार होतात, फारसे रस्ते दुसऱ्यांदा तुडवावे लागत नाहीत, आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये पोहोचेपर्यंत जानेवारी लागून तिकडचा कोरडा काळ चालू असतो.

सात रस्ता

होई आनच्या पावसाबद्दलची चूक मी निमूटपणे मान्य करतो. मी वर्षभराची सरासरी पाहिली आणि महिने पाहिले नाहीत. नदी धरण्याची कल्पनाही मला आवडली. तरीसुद्धा शंका आहे. आपल्या मार्गात मी मोजलेले लांबचे टप्पे दहा आहेत, म्हणजे माझ्या भाच्याच्या मूळ आखणीपेक्षा फारसे कमी नाहीत. नदी एक असली तरी नाके तीन आहेत, आणि विजापूर वेस ताईंची बस नेमकी नाक्यावरच सुटली होती.

जुळे सोलापूर यांच्या ‘पुन्हा जाणे होणार नाही’ या मुद्द्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. पुन्हा जाणे होणार नाही म्हणूनच एखादी जागा नीट पाहावी. लग्नाच्या पंगतीत पुन्हा बोलावणे येणार नाही म्हणून कोणी सगळे पदार्थ एका घासात कोंबत नाही.

जुळे सोलापूर

पण पंगतीत दोनच पदार्थ वाढून घ्या, असेही कोणी सांगत नाही!

लष्कर

दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे आपला पासपोर्ट. युरोपातल्या मुलांच्या आखण्या पाहून आपली मुले ‘आवडले तर राहू, नाही तर पुढे जाऊ’ असे म्हणतात. भारतीय पासपोर्टवर ही मोकळीक अर्धीच मिळते. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एका प्रवेशासाठी २५ डॉलर पडतात, परंतु प्रवेशाची तारीख आणि कोणत्या नाक्यावरून शिरणार हे अर्जातच लिहून द्यावे लागते. लाओसचा ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही. म्हणजे अशोक चौक यांची नदी कितीही मोकळी वाहत असली, तरी आपली मुले तिच्यावरून तारखा मोजतच उतरणार. थायलंडने २०२४ च्या जुलैत भारतीयांना व्हिसाविना साठ दिवसांची मुभा दिली होती. तथापि, अशा सवलती येतात आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात दूतावासाचे संकेतस्थळ पुन्हा पाहावे. कोणाच्या गतवर्षीच्या अनुभवावर विसंबू नये, माझ्याही नाही.

भाच्याच्या मूळ आखणीत सिएम रीपहून बँकॉकला परतायचे आहे, आणि ती सर्वांत कच्ची कडी आहे. थायलंड व कंबोडिया यांच्यात २०२५ च्या जुलैत पाच दिवस लढाई झाली, डिसेंबरात पुन्हा झाली, आणि त्या तंट्यात जमिनीवरचे नाके प्रवाशांना बंद झाले. वर्षानुवर्षे हजारो लोक ज्या पोइपेतच्या नाक्यावरून सहज ये-जा करीत होते, तो एका आदेशाने बंद पडतो, हे ध्यानात ठेवावे. मणिपूरमधल्या मोरेमार्गे म्यानमारमधून जमिनीवरून थायलंड गाठण्याची स्वप्नेही २०२१ च्या लष्करी उठावानंतर बाजूलाच पडली आहेत. त्यामुळे माझ्या मते प्रश्न दोन की सहा असा नाहीच. एखादा नाका बंद झाला तर उरलेला प्रवास उभा राहतो की नाही, या कसोटीवर आखणी पाहावी. या कसोटीला नदीचा मार्ग उतरतो, कारण लाओसमधून थेट व्हिएतनाममध्ये शिरण्याचे इतर नाके आहेत. परतीचा वळसा मात्र उतरत नाही.

पार्क चौक

मुले शाकाहारी असतील, तर कोणता देश घ्यावा हे ठरवण्याआधी डब्याचे बोला. भाजीच्या रश्शातही माशांचा अर्क असतो, आणि नुसते ‘मटण नको’ म्हणून भागत नाही. थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पंधरा दिवस सहज टिकते, फक्त स्वस्त विमानांत हातातल्या सामानाला बहुधा सातच किलोची मर्यादा असते, हे चटणी भरणाऱ्या आईला आधी सांगावे. चादर नेऊ नये. आपली चादरच दोन किलो भरेल.

विजापूर वेस

चादरीबद्दल असहमत. रात्रीच्या बसमधल्या वातानुकूलनात मी दोन्ही वेळा कुडकुडले आहे. जड नको, पण एक पातळ पांघरूण हवेच.

सात रस्ता

काल संध्याकाळी मुलांना बसवून हे सर्व वाचून दाखवले. सिंगापूर, क्वालालंपूर आणि पेनांग त्यांनी स्वतःहून खोडले. बँकॉकला परतण्याचा वळसाही गेला. मी हनोईचा हट्ट सोडला, आणि नदीचा मार्ग त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला. केवळ सिएम रीपच्या दिवसांवरून वाद चालू आहे : भाचा तीन दिवसांच्या तिकिटावर अडून बसला आहे, मी सातांवर. अशोक चौक यांनी क्रातिएला किती मुक्काम धरला होता, ते कळवावे. तेथे एखादा दिवस वाचला, तर तो मी अंगकोरकडे वळवून पाहतो.

अशोक चौक

क्रातिएला दोन रात्री धरल्या होत्या, आणि त्यांतली एकही मी सोडणार नाही. नदीतले डॉल्फिन पहाटे दिसले नाहीत, तर दुसरी पहाट हाताशी असावी लागते. दिवस हवाच असेल तर बँकॉकमधून काढा.