सोसायटी ग्रुप: काकूंची लाईट आणि लिफ्ट

ए-104 वहिनी: एक विचारू का, कुणी राग मानू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लाईट (कॅन्सरवरचं रेडिएशन) द्यायला लागलेत. बारकी पोरं त्याच लिफ्टमधनं येतात-जातात. काय त्रास नाही नव्हं?

सी-201 ताई: आमच्या नणंदेला थायरॉईडसाठी दिलेलं, तेव्हा पोरांपासनं लांब रहा म्हणालेले.

बी-302 (रेडिएशन टेक्निशियन): ताई, त्यांना किरणं सोडणारं आयोडीनचं औषध पोटातनं दिलं असणार, ते काही दिवस अंगात राहतं. काकूंना मशीननं बाहेरनं देतात. बटण बंद, एक्स-रे बंद. पोरांना घेऊन रंकाळ्यावर भेळ खाल्ली तरी चालतंय.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. 10 ते 1 पाणी बंद.

ए-502 काका: मग लाईटनं आतलं जळतं कसं रे?

बी-302: जळत नाही ओ काका. रोजचा डोस साधारण 2 ग्रे, म्हणजे किलोमागं 2 ज्यूल ऊर्जा. एवढ्यानं पाणी अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. मार वेगळा आहे. एक्स-रे अणूमधला इलेक्ट्रॉन उडवतो. पेशीत बहुतेक पाणीच, त्यामुळं पाण्याचाच रेणू जास्त फुटतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला झोंबणारा तुकडा, तयार होतं. ते क्षणभरच टिकतं, पण शेजारी डीएनए सापडला तर तोडतं. एक्स-रेच्या नुकसानीतला दोन तृतीयांश वाटा ह्याचाच. 1 ग्रेला एका पेशीत हजारभर ठिकाणी डीएनएचा एक पदर तुटतो, 30-40 ठिकाणी दोन्ही. एक तुटला तर समोरचा बघून पेशी जोडते. दोन्ही तुटले की अवघड. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्ती बहुतेकदा कच्ची, त्या पुढं विभागताना मरतात. चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच सावरतात. म्हणून तर रोज थोडं-थोडं.

ए-502 काका: म्हणजे साध्या एक्स-रेतबी हेच?

बी-302: हेच, पण लई कमी. छातीच्या एक्स-रेला फार तर 0.1 मिलिसिव्हर्ट (अंगावरचा परिणाम धरून डोस मोजायचं माप). निसर्गातनंच वर्षाला जागतिक सरासरी 2.4 मिळतंय. सीटी स्कॅनला मात्र कितीतरी जास्त, त्यासाठी उगाच डॉक्टरांच्या मागं लागू नका.

बी-301 काकू: मीपण ग्रुपवर आहे बरं का! लिफ्टनंच येणार, गुडघं कुठं चालतंय. केस जाणार का तेवढं सांग.

ए-104 वहिनी: काकू 🙏 पोरांची काळजी वाटली हो.

बी-302: लाईटनं नाही जाणार काकू, डोक्यावर झोतच नाही. पडते तिथली कातडी काळवंडेल. तिथं साबण चोळू नका, आणि मशीनवर येताना खोबरेल लावून येऊ नका. काल तुम्ही लावलेलं.